सुती चादर वर्षभरही टिकत नाही? नवी घेण्याआधी जुनी तपासा

आमच्या माळ्यावर एक लोखंडी पेटी आहे. बाद झालेल्या चादरी तिच्यात टाकायच्या आणि पुढे कधीतरी त्यांची वाकळ शिवून घ्यायची, असा बेत. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत पेटीचं झाकण बसेना म्हणून मोजल्या, तर सात निघाल्या. सगळ्या गेल्या ५ वर्षांतल्या, आणि सगळ्या 'प्युअर कॉटन आहे ताई, डोळे झाकून घ्या' असं ऐकून घेतलेल्या. मीही डोळे झाकूनच घेतल्या होत्या.

पेटीच्या तळाला आईची एक पांढरी चादर होती. लाँगक्लॉथचे दोन पट्टे मधोमध जोडून तिने घरच्या मशीनवर शिवलेली. माझ्या लग्नाच्या आधीची, म्हणजे २५ वर्षांची तरी असेल. पातळ झाली होती, पण अंगावर ना गोळा, ना भोक.

भाऊबीजेला इचलकरंजीचे मामा आले होते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तेव्हापासून त्या गावात कापडाशिवाय दुसरा विषय निघत नाही, आणि मामांनी तर ३० वर्षं स्वतः माग चालवलेले. त्यांच्यापुढे मी रडगाणं गायले. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "सगळ्या गच्चीवर आण. उन्हात पसर."

पसरल्या. मामा गुडघ्यावर बसून एकेक उलटीपालटी करत राहिले. शेवटी म्हणाले, "अगं, या चार वेगवेगळ्या रोगांनी गेल्यात. आणि तू दुकानात जाऊन दरवेळी औषध एकच मागतेस. कॉटन आहे ना, एवढंच."

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. नवी चादर घ्यायची वेळ आली की आधी जुनी काढून बघते, ती नक्की कशाने गेली. कारण आपल्या घरात चादर साधारण त्याच त्याच कारणाने जाते. पलंग तोच, पाणी तेच, धुणं तेच आणि बहुतेक वेळा दुकानही तेच. आपली तक्रार कुठली ते ओळखा आणि दुकानात त्याच गोष्टीची चाचणी घ्या. सगळ्या चाचण्या सगळ्यांनी करत बसायची गरज नाही.

तक्रार पहिली: गोळे येतात

तीन-चार धुण्यांत चादरीवर बारीक गोळे येतात, पाठीला टोचतात, हाताने उपटले तरी पुन्हा येतात. आमच्या सातपैकी तीन अशा होत्या.

गोळे शुद्ध सुती कापडावरही येतात, पण कापसाचे तंतू कमजोर असल्यामुळे ते थोड्या दिवसांत तुटून गळून पडतात. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर त्याचा चिवट तंतू गोळ्याला धरून ठेवतो, म्हणून ते गोळे जाता जात नाहीत. तेव्हा गोळे न गळणारी चादर दिसली की पहिला संशय भेसळीचा घ्यायचा.

मामांनी काडेपेटी मागितली. ही चाचणी बऱ्याच जणांना माहीत असते, पण अर्धीच. टिपेच्या आतून एक धागा ओढायचा, चिमट्यात धरून जाळायचा. कापूस कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, आणि मागे राहते ती मऊ राखाडी राख, बोटाने चोळली की उडून जाणारी. पॉलिस्टर आधी आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला कडक काळा मणी ठेवून जातं. मिश्रणात राखेत मणी सापडतो. इथपर्यंत मलाही ठाऊक होतं. मामा म्हणाले, "एकच धागा जाळून काय कळणार? उभा जाळ आणि आडवाही जाळ."

ताणा म्हणजे उभे धागे आणि बाणा म्हणजे आडवे. पुष्कळ स्वस्त कापडात एका बाजूने सूत असतं आणि दुसऱ्या बाजूने पॉलिस्टर किंवा मिश्र धागा. दुकानदार जळता धागा दाखवतो तेव्हा तो सुताच्या बाजूचा असेल तर चाचणी बरोबर आणि निकाल चूक. आमच्या दुसऱ्या चादरीचं अगदी हेच झालेलं होतं. आडव्या धाग्याची राख झाली आणि उभ्याचा मणी.

आणखी एक पळवाट आहे. व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन, हेही लाकडाच्या लगद्यापासून बनतं, त्यामुळे ते जळतानाही कागदासारखंच जळतं. काडेपेटी तिथे हरते. मग तोच धागा मधोमध जिभेने ओला करायचा आणि दोन्ही हातांनी ओढायचा. कापूस ओला झाला की उलट जास्त बळकट होतो. व्हिस्कोसचं ओलं झालं की निम्म्याच्या आसपास बळ जातं आणि तो ओल्या जागीच पटकन तुटतो. धुवायची वस्तू आणि पाण्यात दुबळी, अशी चादर घेण्यात अर्थ नाही.

दुकानात काडी ओढता येत नाही, ते बरोबरच आहे, सगळीकडे कापडाचे गठ्ठे असतात. तिथे चादरीचा कोपरा मुठीत घट्ट आवळून दहा आकडे मोजा आणि सोडा. सुती कापड चुरगळलेलंच राहतं. पॉलिस्टर हसत हसत सरळ होतं. 'सुरकुती न पडणारी' प्रक्रिया केलेलं सुती कापडही थोडं सरळ होतं, म्हणून यावरून फासावर चढवू नका, पण संशयाला जागा द्या. पाण्याचा थेंब टाकून बघण्याचा उपाय मला नव्या कापडावर भरवशाचा वाटत नाही. नव्या चादरीला खळ आणि मऊपणाचा लेप असतो, त्यामुळे शुद्ध सुतीवरही थेंब काही वेळ मोत्यासारखा बसून राहतो.

आणि नावांना भुलू नका. 'ग्लेस कॉटन', 'कॉटन फील', 'कॉटन टच' या नावांत कॉटन असतं, चादरीत बहुतेक पॉलिस्टर. 'कॉटन रिच' म्हणजे मिश्रण, हे तर सरळच सांगितलेलं आहे, आपणच ऐकत नाही. 'टीसी' या दोन अक्षरांचा घोळ वेगळाच. पाकिटावर ते धाग्यांच्या संख्येसाठी लिहितात, आणि कापडाच्या धंद्यात तेच टेरिलीन-कॉटन मिश्रणासाठी बोलतात. नुसतं 'टीसी चादर' म्हणाला तर कुठला टीसी ते विचारा.

आता गंमत अशी की आमची गोळेवाली तिसरी चादर दोन्ही बाजूंनी जाळली तरी राखच झाली. शुद्ध सुती, आणि तरी गोळे. एका प्रदर्शन-विक्रीत घेतलेली, हातमागाची म्हणून, चांगली जाड, दळदार. मामांनी धागा उलट पीळ देऊन उलगडला आणि हलकेच ओढला. तो तुटला नाही, सुटून आला, कापसाच्या पुंजक्यासारखा. तंतू नखाएवढे आखूड. "हे आखूड सूत आहे. कदाचित जुन्या कपड्यांचा चोथा करून पुन्हा कातलेलं," मामा म्हणाले. पानिपतात जुने कपडे पिंजून त्याचं सूत काढायचा मोठा धंदा आहे, आणि ते सूत जाड, स्वस्त वस्तूंना जातं. वाईट असं नाही, सतरंजीला चालतं. पण तंतू जेवढा आखूड तेवढी त्याची टोकं जास्त, आणि टोकं बाहेर आली की घासून त्यांचे गोळे होतात. आपल्याकडे कापसाची प्रतवारी याच लांबीवर होते. २७.५ ते ३२ मिलिमीटर म्हणजे लांब, ३२.५ च्या वर अतिलांब. १९७० च्या दशकात कोइंबतूरला निघालेलं सुविन हे वाण अतिलांबात मोडतं. पाकिटावर 'कोम्ब्ड' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ कातण्याआधी विंचरून आखूड तंतू काढून टाकलेत. गोळ्यांनी बेजार झालेल्याने हा शब्द शोधावा. 'इजिप्शियन कॉटन' शोधायला जाऊ नये. २०१६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकान-साखळीला कळलं की आपण इजिप्शियन म्हणून विकलेल्या लाखो चादरी-अभ्र्यांचा कापूस इजिप्तचा नव्हताच. त्यांना कळलं नाही, तर सांगलीच्या गणपती पेठेत उभं राहून मला काय कळणार!

तक्रार दुसरी: कोपरे सुटतात, चादर पुरत नाही

ही तक्रार आमच्याकडे सासूबाईंची. रोज सकाळी चादर गोळा होऊन मधे आलेली. मला वाटायचं मुलं लोळतात. टेप लावल्यावर कळलं की मुलं निर्दोष आहेत.

आमची गादी ७२ बाय ७८ इंच, जाडी ६ इंच. चादर ९० बाय १००. रुंदीचा हिशोब करा. ९० वजा ७२, उरले १८, म्हणजे दोन्ही बाजूंना ९-९. त्यातले ६ गादीच्या उंचीला गेले, खाली खोचायला राहिले ३ इंच. नव्या चादरीला एवढं जेमतेम पुरतं. सुती चादर ५ टक्के आटली, आणि साधं कापड तेवढं सहज आटतं, की ९० चे ८५.५ होतात. आता प्रत्येक बाजूला पावणेसात. सहा गादीला, खोचायला पाऊण इंच. पाऊण इंचावर चादर थांबेल कशी? आणि हल्ली ८ इंची गाद्या घेतात, तिथे तर ती गादीच्या कडेवरच लोंबणार.

म्हणून दुकानात जाण्याआधी गादीची उंची मोजा. रुंदीत दोनदा उंची मिळवा, दोनदा खोचायचे ५ इंच मिळवा, आणि वर आटायचे ५ इंच. आमच्या गादीला हे ९९ येतं, म्हणजे १०८ बाय १०८ ची चादर घ्यायला हवी होती, आणि आम्ही पाच वर्षं ९० ची घेत होतो. 'डबल बेड', 'किंग साइज' या शब्दांवर जाऊ नका, ज्याचा त्याचा किंग वेगळा. पाकिटावर माप छापलेलं असतं ते वाचा आणि एक तरी बाजू उलगडून मोजून घ्या.

'सॅन्फोराइज्ड' किंवा 'प्री-श्रंक' लिहिलेलं असेल तर कापड यंत्रात आधीच आटवून घेतलेलं असतं, मग धुण्यात फारसं आटत नाही. मीटरवर कापड घेऊन चादर शिवणार असाल तर शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. आईने तेच केलं होतं, शिंपी न सांगता करत नाही.

तक्रार तिसरी: दुकानात भारी होती, घरी विरविरीत झाली

हा मला सगळ्यात लबाड प्रकार वाटतो, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

मागावर चढण्याआधी ताण्याच्या धाग्यांना खळ लावावीच लागते, नाहीतर ते घासून तुटतात. इचलकरंजीत त्याचे वेगळे कारखानेच आहेत, सायझिंगचे. ती खळ पुढे धुऊन काढायची असते. पण कापड तयार झाल्यावर पुन्हा वरून खळ चढवली की विरळ कापड भरलेलं दिसतं, हाताला दळदार लागतं, घडी कडक बसते. पहिल्या धुण्यात ती गटारात जाते आणि आपल्या हातात मांजरपाटापेक्षा पातळ काहीतरी उरतं.

मागच्या वर्षी घेतलेली एक चादर मी हौसेने स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली होती. ९० बाय १००, अभ्रे सोडून, ७४२ ग्रॅम. धुऊन कडक वाळवून पुन्हा ठेवली तर ६५५. एका धुण्यात ८७ ग्रॅम नाहीसे, म्हणजे जवळजवळ १२ टक्के. त्या मापाची चादर ५.८ चौरस मीटर भरते. घेताना चौरस मीटरला १२८ ग्रॅम पडत होते, ते धुतल्यावर ११३ झाले. पैसे मी १२८ चे दिले होते. (हा प्रयोग करायचा तर दोन्ही वजनं कोरड्या दिवशी करा. कापूस हवेतलं पाणी ओढून धरतो, स्वतःच्या वजनाच्या ७-८ टक्के सुद्धा. श्रावणात घेतलेलं वजन आणि चैत्रातलं वजन यांची तुलना करून दुकानदाराशी भांडायला जाल तर हराल.)

दुकानात काटा नसतो, अंगठा असतो. चादरीच्या दोन घड्या एकमेकांवर ठेवून जोरात चोळा, गडद रंगाची असेल तर उत्तम. पांढरी भुकटी दिसली की समजायचं. नंतर एकेरी कापड दारातल्या उजेडाकडे धरा, ट्यूबलाइटकडे नाही. खळीने बुजलेली भोकं चोळलेल्या जागी उघडी पडलेली दिसतात. दुकानदार नाक मुरडतो. मुरडू दे.

चांगली दुकानं खळ असल्याचं स्वतःहून सांगतात. 'धुतल्यावर मऊ होईल' हे वाक्य खरंही असतं, पण त्यापुढचा प्रश्न आपण विचारायचा असतो: मऊ होईल की पातळ?

तक्रार चौथी: मधोमध विरते, फाटते

चादर कडेने धडधाकट आणि मधे, कमरेच्या नाहीतर टाचांच्या जागी, विरून फाटते. आमच्याकडे टाचांच्या जागी दोन फाटल्या. त्यातल्या एकीचं खापर मी ह्यांच्या टाचांच्या भेगांवर फोडते आणि ते माझ्या धुण्यावर. खरं कारण मामांनी दाखवलं. फाट उभी होती. उभी फाट म्हणजे तुटले ते आडवे धागे.

मामांकडे पितळी भिंग असतं, घडी घालता येणारं, तळाला एक इंच चौकोनी खिडकी. ते कापडावर ठेवून सुईच्या टोकाने धागे मोजायचे. आपल्याकडे ते नसतं, पण मोबाइल असतो. शिंप्याचा टेप कापडावर ठेवा, जवळून फोटो काढा, मोठा करा आणि एका सेंटिमीटरमधले उभे आणि आडवे धागे वेगवेगळे मोजा. आमच्या त्या चादरीत उभे ३४ होते, आडवे २२. दोन्हींची बेरीज ५६, गुणिले २.५४, म्हणजे इंचाला १४२ धागे. पाकिटावर छापलं होतं ३००.

हे ३०० कुठून आले? धागा उलगडला तर दोन पदरी निघाला. १४२ ची दुप्पट २८४, वर थोडा उदारपणा. पिळलेल्या धाग्याचे पदर सुटे मोजून आकडा फुगवायचा हा जगभरचा उद्योग आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००५ साली एका पत्रात म्हटलं होतं की असे पदर मोजून सांगितलेला आकडा गिऱ्हाइकाची दिशाभूल करू शकतो. एकेरी धाग्यात इंचाला ४०० च्या फार पुढे जाणं मुळातच अवघड असतं, धाग्यालाही जागा लागते. तेव्हा ८०० आणि १००० वाचून हरखू नका, विचारा की पदर किती.

पण माझी चादर १४२ मुळे फाटली असं नाही. ३४ ला २२ या जोडीमुळे फाटली. माग जास्त वेगाने कापड सोडायला लागला की आडवे धागे विरळ पडतात, उत्पादन वाढतं, सूत वाचतं. उभे-आडवे अगदी सारखे नसतातच, थोडा फरक चालतो, पण हा थोडा नव्हता. मोजायचा कंटाळा असेल तर दुकानात दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी कापडावर टेकवा, खालून बोटांचा आधार द्या आणि अंगठे विरुद्ध बाजूंना ढकला. आधी उभं, मग आडवं. धागे सरकून जाळी पडली की ठेवून द्या. घट्ट वीण हलत नाही.

सांगलीच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात मला विचाराल तर साध्या विणीची, खरीखुरी १८० ते २५० धाग्यांची चादर बास. साटीन विणीत धागा तीन-चार धाग्यांवरून उडी मारून जातो, त्यामुळे कापड चमकतं, मऊ लागतं, पण अंगठ्याच्या नखात, पैंजणात, बांगडीत अडकतं आणि गरमही होतं. पाहुण्यांच्या खोलीत शोभेल. सोलापुरी चादरीशी तुलना करू नका, ती पांघरायची वस्तू आहे, तिचा हिशोब वेगळा.

रंगाचं थोडक्यात

रंग जाण्याची तक्रार आमच्याकडे एकदाच झाली, पण एका मरून चादरीने ह्यांचे चार बनियन गुलाबी केले, म्हणून लिहिते. पांढरा रुमाल ओला करून चादरीच्या सगळ्यात गडद भागावर दहा-बारा वेळा घासा. नव्या चादरीचा थोडा रंग लागतो, भडक डाग पडला तर नको. नंतर चादर उलटी करा. पिगमेंटची छपाई कापडावर चिकटवलेली असते, मागे फिकी किंवा पांढरी, नक्षीच्या जागी हाताला कडक, कधीकधी रॉकेलसारखा वास. ती बसते तिथून घासून जाते, विटते. रिअॅक्टिव्ह रंग तंतूशी रासायनिक बंधाने जोडलेला असतो. १९५६ पासून तो बाजारात आहे, आणि सुती कापडाला याहून बरा रोजचा रंग मी तरी पाहिला नाही. नक्षी मागून बऱ्यापैकी उमटलेली, हाताला बाकीच्या कापडासारखीच.

मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो, हे आमच्या तीन पिढ्या करत आल्या. मामांनी एका वाक्यात निकाल लावला: मीठ रंगाच्या टाकीत कामाचं, बादलीत नाही. रंगवताना मीठ रंगाला कापडाकडे ढकलतं, पण एकदा रंगवून झालेल्या कापडाचा सुटा रंग ते बांधून ठेवत नाही. सुटा रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत गार पाण्यात वेगळं धुऊन काढून टाकावा. पाचव्या धुण्यालाही पाणी लाल दिसलं तर चादरच तशी आहे.

आणि आपला वाटा

सात चादरींपैकी एक निव्वळ माझ्यामुळे गेली. शुद्ध सुती, वीण घट्ट, रंग बरा, आणि तरी दोन वर्षांत राखाडी, कडक, खरखरीत. नळाला पाणी कमी आलं की आम्ही धुणं बोअरच्या पाण्यात करतो. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरून चिकट साका करतं, तो धाग्यात बसतो. कडक लागते म्हणून मी पावडर वाढवायची, पावडर पुरती निघायची नाही, आणखी कडक. मग पांढरी व्हावी म्हणून ब्लीच, आणि ब्लीचने कापसाचं बळ जातं. शेवटी टॉवेल आणि जीन्सबरोबर मशीनमध्ये कोंबून धुतलेली. जीन्सची चेन चादरीला काय करते ते डोळ्यांनी बघितलं नसलं तरी गोळे बघितलेत.

आता चादरी नळाच्या पाण्यात, वेगळ्या, अर्ध्या भरलेल्या मशीनमध्ये, आणि दोरीवर उलट्या. नाइलाजाने बोअरचं पाणी वापरलं तर शेवटच्या खळबळण्यात अर्धी वाटी व्हिनेगर. मऊपणा येतो. सुगंधी लिक्विडचा लेप मी बंद केला, त्याने चादर घाम टिपेनाशी होते.

पाडव्याच्या आधी कापड पेठेत गेले, पर्समध्ये शिंप्याचा टेप आणि ओला रुमाल. तिसऱ्या दुकानात एक चादर सगळ्यांत पास झाली. चोळली तर भुकटी नाही, अंगठ्याने वीण हलली नाही, रुमाल जवळपास पांढरा, माप १०८ बाय १०८. मुठीत आवळून सोडली तेव्हा मात्र ती जरा जास्तच लवकर सरळ झाल्यासारखी वाटली. मालक गादीवर बसले होते, बिलबुक हातात.

मी म्हटलं, "काका, बिलावर '१०० टक्के सुती' एवढं लिहून द्याल?"

पेन कागदाला टेकलेलं थांबलं. त्यांनी नोकराकडे बघितलं, नोकराने छताकडे.

"तसं थोडं मिक्स आहे, वहिनी," ते म्हणाले. "शंभर टक्केवाली वरच्या मजल्यावर आहे. थांबा, काढायला सांगतो."